विश्लेषण : जखमी मांजराला माणसाची गोळी का देऊ नये? घरी शुश्रूषा कशी करावी?

कुडाळला लागून असलेले पिंगुळी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीचे गाव म्हणून ओळखले जाते. मुंबई-गोवा महामार्ग गावाजवळून जातो, घरांभोवती माड, आंबा, काजूच्या बागा आहेत. अशा गावातले मांजर सहसा कोंडलेले नसते. रात्री बाहेर, सकाळी चुलीजवळ, दुपारी पडवीत असा त्याचा दिनक्रम. एखाद्या सकाळी ते येत नाही आणि शोधाशोध केल्यावर लाकडांच्या ढिगाआड, मागचा पाय ओढत सापडते. तिथून पुढचे सहा आठवडे घरातली माणसे काय करतात, यावर त्याचे चालणे आणि बऱ्याचदा जगणेही ठरते. या काळात बरेचसे नुकसान मायेपोटी होते. दुखते म्हणून दिलेली अर्धी गोळी, अशक्त झाले म्हणून दिलेले वाटीभर दूध आणि ‘किती ओरडतंय बिचारं’ म्हणून उघडलेले दार, ही त्याची तीन ठळक उदाहरणे.

मांजरे जखमी होतात कशाने?

रस्त्यावरचे वाहन, गावातले कुत्रे आणि बोक्यांची आपसातली भांडणे ही नेहमीची कारणे. वाहनाची धडक बसलेल्या मांजरात कमरेचे हाड, मांडीचे हाड आणि जबडा जास्त वेळा मोडतो. बाहेरून एक ओरखडा नाही आणि आत मात्र छातीचा पडदा फाटलेला, असेही होते. त्याची लक्षणे कधी कधी दोन-तीन दिवसांनी दिसतात.

कोकणात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे फासकी. रानडुकरासाठी बागेच्या कडेला लावलेल्या तारेच्या फासात मांजराचा पाय किंवा कंबर अडकते. तार कापली, मांजर पळाले, म्हणजे सुटले असे नव्हे. आवळलेल्या भागातला रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि तिथली कातडी चार-पाच दिवसांनी काळी पडून सुटू लागते. त्यामुळे फासकीतून सुटलेले मांजर धडधाकट दिसले तरी आठवडाभर रोज तपासावे. रानडुकरासाठी अशी फासकी लावणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे आणि त्याची खबर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर देता येते.

सर्पदंशाची शक्यताही धरावी लागते. तोंड किंवा पंजा अचानक सुजला, लाळ गळू लागली, पापण्या मिटू लागल्या, तर बांधाबांध आणि कापाकापी न करता थेट पशुवैद्यक गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर माणसाला जी प्रतिविषाची लस दिली जाते, तीच प्राण्यांनाही दिली जाते.

मांजर नेहमी पायावरच पडते, हे खरे का?

‘माजर खंयसूनय पडला तरी पायारच पडता’ असे सिंधुदुर्गात सर्रास म्हटले जाते आणि ते बरेचसे खरे आहे. मांजराच्या खांद्याचे हाड बाकीच्या सांगाड्याला घट्ट जोडलेले नसते, कणा कमालीचा लवचीक असतो. पडताना आधी डोके, मग पुढचा भाग, मग मागचा भाग असे ते हवेतच वळते. पिल्ले तीन-चार आठवड्यांची होताच हे शिकू लागतात.

पण पायावर पडणे आणि इजा न होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्राणी रुग्णालयात इमारतीवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. सात मजल्यांहून वरून पडलेल्यांना तुलनेने कमी इजा झाल्याचेही त्यात दिसले आणि मांजराला काही होत नाही, असा त्याचा जगभर बोलबाला झाला. त्यातली मेख अशी की जागीच मेलेली मांजरे रुग्णालयात येतच नाहीत, त्यामुळे ती मोजलीही जात नाहीत. वाचलेल्यांतही नाकातून रक्त, टाळूला उभी चीर आणि छातीत हवा शिरणे या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. पिंगुळीत बहुमजली इमारती कमी, पण कौलारू छप्पर, आंब्याचे झाड आणि विहीर आहेच. पडलेले मांजर चालत आले तरी तोंड उघडून टाळू बघावी आणि श्वास मोजावा.

दुखते आहे हे कसे ओळखायचे?

कुत्रा कण्हतो, लंगडतो, माणसाकडे येतो. मांजर बहुधा गप्प होते. आकाराने लहान शिकारी असल्याने ते स्वतःही मोठ्या प्राण्यांची शिकार ठरते आणि दुबळेपणा दाखवणे त्याला परवडत नाही. वेदना असलेले मांजर कोपऱ्यात बसते, अंग चाटणे सोडते, खाण्याकडे पाठ फिरवते. घुरघुर ऐकून ‘आता बरं वाटतंय’ असा निष्कर्षही काढू नये. मांजर आनंदात घुरघुरते, तसे वेदनेत आणि मरणाच्या दारातही घुरघुरते.

कॅनडातील माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाक-तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. कान बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून दूर गेलेले, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडाचा गोलवा जाऊन तो ताणलेला, मिशा सरळ ताठ होऊन पुढे आलेल्या, डोके खांद्यांच्या रेषेखाली झुकलेले, अशी प्रत्येक खूण ठळक असेल तर दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त गुण झाले तर वेदनाशामकाची गरज आहे, असे मानले जाते. मांजर जागे आणि शांत असताना, पण खात किंवा अंग चाटत नसताना बघायचे. रोज त्याच वेळी काढलेला मोबाइलवरचा फोटो डॉक्टरांना पाठवला, तर ‘आज जरा बरं दिसतंय’ या वाक्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

पहिल्या तासात काय करावे?

पहिली गोष्ट, उघड्या हाताने उचलू नये. मालकिणीच्या मांडीवर वाढलेले मांजरही वेदनेत चावते. जाड टॉवेल किंवा गोधडी वरून टाकून, डोके झाकून, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा भाजीच्या क्रेटमध्ये ठेवावे. कण्याला मार असण्याची शंका असेल तर सपाट फळीवर किंवा मोठ्या ताटावर सरकवावे. खोक्याला वरून कापड घातले की अंधारात ते शांत होते.

मग तीन गोष्टी बघाव्यात. श्वास : विसावलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला १५ ते ३० असतो. तोंड उघडे टाकून धापा टाकणारे मांजर ही आणीबाणी आहे. कुत्र्यात हे नेहमीचे असते, मांजरात नाही. हिरड्या : निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. पांढरीफटक हिरडी म्हणजे रक्तस्राव किंवा शॉक. तापमान : मांजराचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाच्या हाताला ते कायम गरमच लागणार. त्यावरून ताप ठरवला की पुढची चूक, म्हणजे तापाची गोळी, आपोआप घडते. उलट अपघातानंतर अंग गार पडणे जास्त वाईट. अशा वेळी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. डॉक्टरांनी बघेपर्यंत काही खायला-प्यायला घालू नये, भूल द्यावी लागू शकते.

तालुक्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचा दवाखाना असतो आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क होतो. ही यंत्रणा मुख्यतः गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी उभी राहिली आहे. मांजराचा एक्स-रे आणि हाडाची शस्त्रक्रिया सगळीकडे होतेच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे. एक दिलासा आहे. मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया सहसा त्याच तासात करावी लागत नाही. मांजर आधी स्थिर करणे महत्त्वाचे, हाड त्यानंतर काही दिवसांत बसवले तरी चालते. हाड कातडीबाहेर आले असेल तर मात्र घाई हवी. त्यामुळे जवळच्या डॉक्टरांकडून वेदनाशामक, सलाइन आणि प्रतिजैविक घेऊन मग मोठ्या शहरात जाणे हा वेळकाढूपणा ठरत नाही. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, पण सिंधुदुर्गातून ते साडेचारशे किलोमीटरांहून लांब आहे. हाडे मोडलेल्या मांजराने तो प्रवास करावा की गोव्यातला खासगी पशुवैद्यक गाठावा, हे पहिल्या डॉक्टरांनाच विचारावे.

पॅरासिटामॉल मांजराला विष का?

माणसाच्या यकृतात पॅरासिटामॉलला एक साखरेसारखा रेणू जोडला जातो आणि ते लघवीवाटे निघून जाते. हे काम करणारे विकर मांजरात जवळपास नसतेच. त्याचा जनुक मांजरकुळात निकामी झालेला आहे. पिढ्यानपिढ्या फक्त मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली विषारी द्रव्ये पचवण्याची गरज पडली नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परिणामी औषध दुसऱ्या वाटेने मोडते आणि त्यातून तयार होणारे द्रव्य तांबड्या पेशींवर हल्ला चढवते. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता गमावते. रक्त तपकिरी होते. काही तासांतच हिरड्या चॉकलेटी किंवा निळसर दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जड होतो. मांजर एक-दोन दिवसांत मरू शकते.

मात्रेचा हिशेब केला की धोका नीट कळतो. साठ किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर किलोमागे साधारण ८ मिलिग्रॅम होतात. तीच गोळी चार किलोच्या मांजराला दिली तर १२५ मिलिग्रॅम. आणि मांजरात किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ‘पाव गोळी देतो’ यातही सुरक्षितता नाही. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल ही नावे वेगळी असली तरी आत औषध तेच. लहान मुलांच्या तापाच्या सिरपमध्येही पाच मिलिलीटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही ते असते.

चुकून दिले गेले असेल तर वाट बघू नये आणि लाजूही नये. कोणते औषध, किती, किती वाजता दिले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अॅसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा आहे. तो जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडतो. घरातले लोक ओरडा खाण्याच्या भीतीने हे लपवतात आणि डॉक्टर भलत्याच रोगाचा शोध घेत बसतात.

आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांनी मांजराच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. एका जातीला चालणारे औषध दुसरीला मारू शकते, हा धडा भारताने गिधाडांकडून घेतलेला आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मेली, तेव्हा २००६ मध्ये त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम पशुवैद्यक मांजराला देतात, पण त्याची मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असते. माणसाची १५ मिलिग्रॅमची गोळी चार किलोच्या मांजराच्या एका मात्रेच्या तीस-चाळीसपट होते. म्हणून ‘डॉक्टरांनीच मागे हे लिहून दिलं होतं’ असे म्हणत औषधांच्या दुकानातून त्याच नावाची गोळी आणणे धोक्याचे आहे.

जखमेवर हळद, डेटॉल की टर्पेंटाइन?

यापैकी काहीही नको. मांजर जे अंगावर लागते ते चाटते, त्यामुळे त्याच्या जखमेवर लावलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या पोटात जाते. डेटॉल, फिनेल आणि तत्सम जंतुनाशके मांजराला बाधतात, जिभेला फोड येतात. कापूर, रॉकेल, चुना, तंबाखू यांचे तेच. हळद विषारी नाही, पण उघड्या जखमेत भरलेली पूड आत अडकते आणि डॉक्टरांना आधी ती धुऊन काढावी लागते. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ, हे घरच्या घरी होणारे सर्वात निर्धोक जखम-धुणे आहे. सिरिंजने हलकी धार सोडून धुवावे, कापसाने घासू नये.

बोक्याच्या चाव्याची जखम फसवी असते. सुळा बारीक असल्याने वरचे भोक एका दिवसात बुजते आणि तोंडातले जंतू आत राहतात. दोन ते चार दिवसांनी गाल किंवा शेपटीचे मूळ फुगते, ताप येतो, मग गळू फुटून दुर्गंधी सुटते. घरी पिळण्यापेक्षा डॉक्टरांकडून चीर देऊन घ्यावी.

पावसाळ्यात सिंधुदुर्गातली खरी भीती अळ्यांची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जखम सुकत नाही, माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या बाहेर येतात. गुरांच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाइन ओतण्याची जुनी रीत आहे. मांजरासाठी ती जीवघेणी ठरू शकते. जखमेभोवतीचे केस कापून, चिमट्याने अळ्या काढून, मिठाच्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिसवांसाठी कुत्र्याचे औषधही मांजराला लावू नये, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असते. त्याने मांजराला झटके येतात.

इतके दिवस कोंडून ठेवायचे कशाला?

शुश्रूषेचा हा सगळ्यात कठीण भाग, आणि घरातली भांडणेही यावरूनच होतात. कमरेचे हाड मोडलेली अनेक मांजरे शस्त्रक्रियेविना बरी होतात, पण चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात राहिली तर. प्लेट किंवा रॉड बसवलेल्या पायालाही तेवढाच आराम लागतो. अडचण अशी की आठ-दहा दिवसांत दुखणे कमी होते, मांजराला आपण बरे झालो असे वाटते आणि ते उडी मारायला बघते. त्या वेळी हाडाच्या टोकांना जोडणारा भाग अजून मऊ असतो. एका उडीत सगळे पुन्हा मोडू शकते आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिल्याहून अवघड असते.

त्यासाठी विकतचा पिंजराच हवा असे नाही. साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद जागा पुरते. मांजराला आडवे पसरता यावे, वळता यावे, उभे राहता यावे, पण चढायला काही नसावे. कोंबड्यांचे जुने खुराडे गरम पाण्या-साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवले तर चालते. आधी पिसवा आणि गोचिडी नाहीत हे बघावे. पिंजरा पडवीत ठेवू नये, तिथे कुत्रा येतो, दुसरा बोका येतो. माजघरातला, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला कोपरा बरा. एका बाजूला लपायला आडवे ठेवलेले खोके, खाली जाड गोधडी आणि तिच्यावर रोज बदलता येईल असे फडके. काथ्याचे पायपुसणे आत बांधून ठेवले तर नखे घासायची सोय होते, कारण इतक्या दिवसांत नखे वाढून वळतात. स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर दर तीन-चार तासांनी माणसाने बदलावी.

शौचासाठी कमी उंचीचे ताट ठेवावे. उघडी जखम असेल तर लाल माती चिकटते, म्हणून फाडलेले वर्तमानपत्र बरे. लघवीची नोंद मात्र रोज ठेवायलाच हवी. कमरेला किंवा शेपटीच्या मुळाला मार बसला की मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा दुखावतात. शेपटी दोरीसारखी लोंबते, मूत्राशय तुंबते आणि कधी कधी थेंब थेंब गळते, त्यामुळे घरच्यांना लघवी होते आहे असेच वाटते. चोवीस तास नीट लघवी झाली नाही तर रात्र असो वा रविवार, डॉक्टरांना फोन करावा.

प्लास्टर किंवा पट्टी असेल तर दिवसातून दोनदा बोटे बघावीत. मधल्या दोन बोटांची नखे एकमेकांपासून फाकलेली दिसली तर आत सूज आहे. पट्टीला वास आला, ती ओली झाली किंवा मांजर अचानक ती कुरतडू लागले तर पट्टी बदलायची वेळ झाली. टाके सहसा दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर गळ्यातला शंकू काढू नये. ‘पाच मिनिटं मोकळं करतो’ या पाच मिनिटांत मांजर सगळे टाके उसवते. शंकू जेवणाच्या वेळी अडत असेल तर वाटीच उथळ घ्यावी.

घरात दुसरे मांजर असेल तर दवाखान्यातून परतलेल्यावर ते फिस्कारते. वैर नसते, वास बदललेला असतो. दोघांना अंगाखालची फडकी काही दिवस अदलाबदल करून द्यावीत.

दूध, मासे, भात : काय द्यावे?

मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पिंजऱ्यात, कमरेचे हाड मोडलेले असताना जुलाब लागले तर मांजराचे हाल आणि जखमेला संसर्ग, दोन्ही ओढवते.

मालवणी घरात मासे असतातच आणि ते चांगले अन्न आहे. मात्र सार किंवा तिखल्यातला तुकडा धुऊन देणे बरोबर नाही. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. पॅरासिटामॉल ज्या पेशींवर घाव घालते त्याच या पेशी. सुकट आणि सुके बांगडे खारट, तेही नको. बांगडा, तारली किंवा पेडवे नुसत्या पाण्यात उकडून, काटे काढून द्यावेत. कच्चे नकोत, काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारे द्रव्य असते आणि ते शिजवल्यावर नष्ट होते. महिनोन्महिने नुसता भात-मासा दिला तर हाडाला लागणारे कॅल्शियम कमी पडते. बरे होण्याच्या काळात मांजरांसाठीचे तयार अन्न निम्मे तरी असावे किंवा काय जोडावे हे डॉक्टरांना विचारावे. मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नयेत.

न खाणे ही मांजरात माणसापेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट आहे. तीन दिवस पोटात काही गेले नाही, विशेषतः मांजर गुटगुटीत असेल, तर चरबी यकृतात साठून यकृतच बंद पडू लागते. दुसरा दिवस उपाशी गेला की कळवावे. त्याआधी एक साधा उपाय करून बघावा. अन्न कोमट करावे. मांजर वासावर जेवते, फ्रिजमधल्या गार माशाला त्याच्या लेखी वासच नसतो. सिरिंजने भरवायचे झाल्यास मान मागे वाकवू नये, गालाच्या बाजूने थोडे थोडे द्यावे, नाहीतर अन्न फुप्फुसात जाते.

मांजर चावले तर?

शुश्रूषा करणाऱ्यांपैकी कोणाला तरी ओरखडा येतोच. कुत्र्याने चावलेल्या मांजराने माणसाला चावा घेतला असेल, तर रेबीजचा विचार करावाच लागतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. तिथे ही लस मोफत दिली जाते. स्नायूत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे मोजतात. खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. मांजरालाही चाव्यानंतरची लस देता येते, तिचे वेळापत्रक पशुवैद्यक ठरवतो.

शस्त्रक्रिया, पाय काढणे की मरण?

खर्चाचा आकडा ऐकून अनेक घरे इथे थबकतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. चुराडा झालेला पाय वाचवण्यासाठी दोन-तीन शस्त्रक्रिया आणि महिनोन्महिने पट्ट्या करण्यापेक्षा तो काढून टाकणे कधी कधी स्वस्तही असते आणि मांजराला कमी त्रासाचेही. तीन पायांचे मांजर काही आठवड्यांत धावते, झाडावरही चढू लागते. आरशात बघून खंतावणे हा माणसाचा स्वभाव, मांजराला तो नाही. हे डॉक्टरांनी सांगूनही घरातल्यांना पटायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सहसा असतो.

कणा तुटला असेल, मागच्या पायांना खोल चिमटा घेऊनही संवेदना नसेल, लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता उरली नसेल, तर पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण हा पर्याय विचारात घेतला जातो. त्याविषयी विचारणे म्हणजे माया कमी असणे नव्हे. मासळी बाजारात किंवा देवळाच्या आवारात ‘कोणीतरी बघेल’ म्हणून सोडून येणे मात्र प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा ठरू शकतो.

दार कधी उघडायचे?

दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाड सांधलेले दिसल्यावर, डॉक्टरांच्या होकारानंतर. तेव्हाही थेट अंगणात नाही. आधी आठवडाभर एका खोलीत, जिथे कपाट, खिडकी, माळ्याची शिडी असे चढण्याजोगे काही नाही. गुळगुळीत लादीवर पाय घसरतो म्हणून चटया किंवा पोती अंथरावीत. दोन्ही मांड्या हाताने चाचपून बघाव्यात. वापर नसलेली मांडी बारीक झालेली असते आणि ती भरून यायला हाड जुळण्यापेक्षाही जास्त दिवस लागतात. मऊ दोरी हळूहळू ओढत चालवणे हा त्यासाठी चांगला व्यायाम, उड्या मारायला लावणारा खेळ नको.

नसबंदी झाली नसेल तर बाहेर सोडण्याआधी करून घेणे शहाणपणाचे. विशेषतः बोक्याची, कारण हद्दीसाठीचे भांडण आणि रात्रीची भटकंती त्याने बरीच कमी होते, आणि महामार्गापर्यंतची फेरीही. पहिल्यांदा बाहेर सोडताना संध्याकाळच्या जेवणाआधीची वेळ निवडावी, पोट रिकामे असावे, आणि घरातल्या कोणीतरी मागच्या दाराशी बसावे. अर्ध्या तासाने वाटी वाजवली की मांजर परत येते. पहिले काही दिवस रात्री आतच ठेवावे.